तीन तिरक्या खाचा

माझ्या वहिनीला सवत कधी नव्हती, पण सवतीमत्सर तिनं मनसोक्त केला. आणि तोसुद्धा एका बाईच्या कानशीच्या खुणांवर. त्या बाईला तिनं पाहिलेलं नव्हतं. बाईचा फोटो घरात नव्हता, तिचा निरोप कधी आला नव्हता. जुन्या तलवारीची मूठ उघडली की आत कधीकधी तीन तिरक्या खाचा दिसायच्या, आणि त्या दिसल्या की आमच्या घरातलं जेवण बिघडायचं.

हे नीट समजायचं तर माझ्या दादाचं काम सांगायला हवं. दादा जुन्या तलवारी दुरुस्त करायचा. शोभेच्या नाहीत, त्या कुणी आणल्याच तर तो दारातूनच परत पाठवायचा. अरबी तलवारींवर त्याचा हात बसलेला होता. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वर माझी खोली असं आमचं घर. दुकानाच्या एकुलत्या मोठ्या खिडकीखाली दादाचं बाक, त्यावर पातं आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, लहानमोठ्या कानशी, घासायचे दगड, तेलकट चिंध्या. समोरच्या कोपऱ्यात वहिनीचं बाक. तिथे शिंगाचे आणि लाकडाचे तुकडे, चामडं आणि राळ वितळवायची शेगडी, कारण मुठी वहिनी करायची. मी शिवणकाम करते. म्यानांना कापड चढवायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून मी दोघांच्या मधे स्टूल टाकून बसायची आणि दोघांचंही ऐकायची.

तलवार आली की दादा आधी पातं पुसून खुणा शोधायचा. मुठीपासून चार बोटांवर बहुधा लोहाराचा ठसा असतो. सगळ्यांत जास्त सापडायच्या त्या समोरासमोर मारलेल्या दोन दातेरी चंद्रकोरी. गिऱ्हाइकाला वाटायचं, कुणा थोर लोहाराची वस्तू आपल्या हाती लागली. दादा शांतपणे सांगायचा, की ही खूण चांगल्या पोलादाची म्हणून एकदा नावाजली गेली आणि मग ज्याला त्याला हवीशी झाली. देशोदेशीच्या लोहारांनी ती बिनदिक्कत उचलली. काही पात्यांवर सोन्याच्या तारेत नाव भरलेलं असायचं. ते नाव ज्याचं, तो मेल्यावर शंभर वर्षांनी घडवलेल्या पात्यांवरही ते असायचं.

पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, कधीकधी ओळीनं खाचा असतात. त्यांच्याबद्दल प्रत्येक गिऱ्हाइकाकडे एकच गोष्ट असायची: एक खाच म्हणजे एक मुडदा. दादा म्हणायचा, "लोहाराची खूण असेल, मालकाची असेल, कुणी सांगावं? पण लढाईत कानस घेऊन कोण बसतं?" त्यावर वहिनी कोपऱ्यातून म्हणायची, "मोजणाऱ्याला खाचा लागत नाहीत. मी सगळं तोंडपाठ मोजते." गिऱ्हाईक हसायचं. दादा हसायचा नाही, कारण हे बोलणं कुणाला आहे ते त्याला माहीत होतं.

वहिनीचं वैर या खुणांशी नव्हतंच, ते आतल्या खुणांशी होतं. पातं मुठीपाशी संपत नाही. त्याची एक निमुळती पट्टी मुठीच्या पोटात जाते, तिला दुकानात शेपूट म्हणत. दादा ज्या उस्तादांकडे शिकला त्यांचा नियम असा, की ज्यानं पात्यावर काम केलं त्यानं मूठ चढवण्याआधी शेपटीवर आपली बारीक खूण करायची. बाहेरून ती कुणाला दिसत नाही. पुढे कधी दुसऱ्या कारागिरानं मूठ काढली, तर आधी कुणाचा हात लागला आणि शिव्या द्यायच्या तर कुणाला, एवढं त्याला कळावं. दुसऱ्याची खूण पुसायची नाही, तिच्या शेजारी आपली करायची. उस्तादांची खूण म्हणजे एक आडवी रेघ, दादाच्या दोन सरळ खाचा, आणि तीन तिरक्या खाचा उस्तादांच्या मुलीच्या. ही मुलगी वडिलांच्या दुकानात दादाच्या शेजारच्याच बाकावर काम करायची. वडील गेल्यावर तेच दुकान ती चालवत होती. गाव दुसरं, पण तलवारी विकणारे लोक तेच, त्यामुळे तिच्या हातून गेलेली पाती फिरत फिरत आमच्याकडे यायची.

मूठ करणाऱ्याची मात्र खूण नसते. मुठी बदलतात, पातं राहतं, असं उस्ताद म्हणायचे आणि दादाही म्हणायचा.

वहिनी सुताराची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला लाकूड कळत होतं, लोखंड कळत नव्हतं. पण वर्षभरात ती अशा मुठी करायला लागली की हातात धरली तर सोडवत नसे. एक दिवस दादानं एक जुनी मूठ काढली, शेपूट पुसली, अंगठा ओला करून तिच्यावर फिरवला आणि हसला. वहिनीनं ते हसू पाहिलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. उस्तादांच्या मुलीचं काम आहे."

"दिसायला कशी होती?"

दादानं खरोखरच आठवून पाहिलं, आणि तिथेच तो चुकला. "आठवत नाही गं," तो म्हणाला. "हात मात्र फार हलका होता."

त्यानं रूपाचं कौतुक केलं असतं तर वहिनीनं चार दिवस तोंड फुगवून सोडून दिलं असतं. हाताचं कौतुक तिच्या जिव्हारी लागलं. तिची एखादी मूठ कितीही देखणी झाली तरी दादा तिला एकच शब्द द्यायचा: "बसली."

आता वहिनी मुळातच जळकी, हे मी नणंद म्हणून सांगत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. शेजारणीच्या कुंडीत आधी फूल आलं तर ही आपल्या कुंडीला त्या दिवशी पाणी घालायची नाही. एकदा मला ताप आला तेव्हा दादा डॉक्टरकडे धावत गेला, आणि पुढे तिला आला तेव्हा चालत गेला. हे तिनं इतकं मनात धरलं की अजूनही मी शिंकले तरी ती म्हणते, "जा, भावाला सांग, धावेल." माझ्यावर तिचा जीव आहे, मला उपाशी झोपू देणार नाही. पण दादाच्या मनातली जागा कुणी बोटभर जरी जास्त घेतली, तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तीन खाचा निघाल्या की ती भांडी आदळायची. यातली खरी गंमत, म्हणजे तिच्या दृष्टीनं खरी चीड, वेगळीच होती. दादा त्या तीन खाचांच्या शेजारी आपल्या दोन करायचा, आणि त्या पाचही खाचांवर गरम राळ ओतून मूठ चढवायचं काम वहिनीचं. एकदा ती मला म्हणाली, "दोघांना आत ठेवून मी माझ्या हातानं दार लावते, आणि कडी नीट बसली का तेही मीच बघायचं." मी हसले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सुई पुन्हा कापडात घातली.

मग दाताच्या डॉक्टरांची ती तलवार आली. हे डॉक्टर आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. दिवसभर लोकांचे दात काढायचे आणि उरलेला जीव अरबी तलवारींत घालायचे. आता त्यांना त्यांतली एक संग्रहालयाला द्यायची होती. पातं सुरेख होतं, दातेरी चंद्रकोरी स्पष्ट, पाठीवर खाचांची ओळ, फक्त मूठ खिळखिळी. डॉक्टर म्हणाले, "ही मूठ काढा, आतलं साफ करा, नवी बसवा, आणि काही दिसलं तर मला सांगा." काय दिसायला हवं ते त्यांनी सांगितलं नाही. जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांना ही खोड असतेच. आपल्याला ठाऊक असलेलं दुसरा आपणहून सांगतो का, ते ते बघत बसतात.

जुनी मूठ काढायची होती त्या सकाळी दादाचं आणि वहिनीचं वाजलं. तलवार आल्यापासून वहिनीनं तिच्यासाठी शिंगाची नवी मूठ कोरली होती. महिनाभर ती त्या मुठीच्या मागे होती. ती दादाला सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "या मुठीच्या आतून मी एक बारीकशी खूण केली तर?"

दादा हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "मुठीवर कसली खूण? उद्या कुणी बदलली की गेली."

मग त्यानं जुनी मूठ काढली, शेपटीला तेल लावलं आणि तो अंघोळीला गेला. शेपटीवरची जुनी राळ खरवडणं वहिनीचं काम. मी खाली आले तेव्हा शेपूट शिकंज्यात होती आणि वहिनी दादाची कानस चालवत होती. एवढ्या जोरात तिला कानस चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय करतेस गं?"

"गंज आहे," ती म्हणाली.

माझ्या सुईत दोरा जात नव्हता, मी त्याच्याच मागे लागले. राळेखालून तीन तिरक्या खाचा निघाल्या होत्या आणि तिनं त्या सपाट केल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तीन आहेत, तिरक्या आहेत, एवढं तिनं पाहिलं. पुढचं पाहिलंच नाही. उस्तादांच्या मुलीच्या खाचा तिकोनी कानशीच्या असायच्या, सरळ कडांच्या. या छिन्नीचा घाव घालून केलेल्या होत्या, तळाशी काळ्या पडलेल्या, आणि कड किंचित वर आलेली. हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण सवत समोर दिसल्यावर तिचे दागिने कोण निरखून बघतं?

संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा दादा बाहेरची कामं आटपून नुकता बाकाशी बसला होता. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "काय, सापडल्या का खाचा?"

"कसल्या?"

"शेपटीवरच्या. तीन तिरक्या. अहो, अशाच खाचांच्या दोन तलवारी संग्रहालयात आहेत, एकाच लोहाराच्या. ही तिसरी. त्या खाचांवरच तर ते ही घेतायत."

दादानं शेपूट उजेडात धरली. ती गुळगुळीत होती, आणि लोखंड ताजं घासलेलं होतं. त्यानं एकदाच वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा राळेसारखा पिवळा पडला होता. दादानं शेपूट खाली ठेवली आणि म्हणाला, "माझ्या हातून गेल्या, डॉक्टर. गंज समजलो मी."

डॉक्टर ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "ज्या माणसाला खूण आणि गंज यांतला फरक कळत नाही, त्याच्या हाती कुणी पातं द्यावं का, हे तुम्हीच मला सांगा. विचारणाऱ्यांना मी काय सांगू?" मग त्यांनीच सांगितलं की आधी कधीतरी ही मूठ उस्तादांच्या मुलीनं सैल झाली म्हणून पुन्हा बसवली होती. पात्याला तिनं हात लावला नव्हता, पण खाचा तिनंच पाहिल्या होत्या आणि तिनंच त्यांना सांगितल्या होत्या. आता ते तिलाच घेऊन येणार होते. ती बघेल आणि ती सांगेल काय ते.

म्हणजे दादाचा धंदा राहतो की जातो, हे आता त्या बाईच्या शब्दावर होतं. दादा वहिनीला एक अक्षर बोलला नाही. विचारलं असतं, ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. आणि वहिनी? पहिल्यांदा रडली. मग ती बाई घरी येणार हे डोक्यात शिरल्यावर तिनं दुकान झाडलं, खिडकी पुसली, आणि यायच्या दिवशी दोनदा कपडे बदलले. इथे पोटावर पाय यायची वेळ, आणि ही आरशासमोर उभी.

बाई आली. बुटकी, जाड चष्म्याची, पायांत झिजलेल्या चपला, बोटं तेलानं काळी. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "एवढीच?" आणि तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. तेवढ्यात बाई दादाला म्हणाली, "तू किती वाळलास रे."

तू म्हणाली. वहिनीनं लग्नापासून त्याला तुम्हीच म्हटलेलं. वहिनीनं माझा दंड धरला तो सगळं होईपर्यंत सोडला नाही, नंतर तिथे निळं झालं होतं.

बाईनं शेपूट निरखली. "खाचा होत्या, मी पाहिल्यात," ती डॉक्टरांना म्हणाली. "वडिलांकडे एकदा अशीच एक आली होती. खूण आवडली म्हणून मी माझी तीच केली. पण माझ्या कानशीनं कापलेल्या असतात, या छिन्नीनं मारलेल्या होत्या. घाव बसला की लोखंड आतपर्यंत दबतं. वरून घासलं तरी दबलेलं दबलेलंच राहतं. ॲसिड लावून बघू. मारलेल्या असतील तर वर येतील. कापलेल्या असतील तर गेल्या त्या गेल्या."

तिनं पिशवीतून बाटली काढली, चिंधीला थोडं ॲसिड घेतलं आणि शेपटीवर हलकेच फिरवायला लागली. दादा वाकून बघत होता, डॉक्टर वाकून बघत होते. मी मात्र वहिनीकडे बघत होते. खाचा वर आल्या तर दादा वाचणार होता. नाही आल्या तर त्या बाईच्याच होत्या, बाई सारवासारव करतेय, आणि वहिनीचा इतक्या वर्षांचा संशय खरा. मी माझ्या वहिनीला ओळखते. चूल विझायची वेळ आली होती आणि ही मनात म्हणत होती, नको येऊ दे.

त्या आल्या. आधी एक, फिकट, मग दुसरी, मग तिसरी अर्धीच. करड्या लोखंडावर तीन तिरक्या सावल्या. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. एवढ्यावर संग्रहालयाचं समाधान होईल, ते म्हणाले. दादानं डोळे पुसले, आणि माझा शहाणा भाऊ त्या बाईला म्हणाला, "तुझा हात अजून तसाच हलका आहे."

बाईनं शेपूट तेलानं पुसली. मग चष्मा वर करून दादाकडे पाहिलं. "तुझ्या हातून असलं कधी व्हायचं नाही. पण झालं ते झालं. डॉक्टर, हे बाहेर नका बोलू. मीही नाही बोलणार." आणि दादाकडे बघून हसली. "आपल्यातच राहील."

सगळं मिटलं होतं. डॉक्टर मान हलवत होते. आणि वहिनीनं माझा दंड सोडला.

"यांनी नाही घासल्या," ती म्हणाली. "मी घासल्या. गंज वगैरे काही नव्हतं. मला वाटलं तुमच्या आहेत."

दिवसभर लोकांना आ करायला सांगणारे डॉक्टर स्वतः आ करून बघत राहिले. बाईनं मात्र नीट, सावकाश विचारलं, "माझ्या असत्या तर?"

"तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टर भले गृहस्थ, पण म्हणाले की जिथे रागाच्या भरात कानस चालते तिथे मी माझी पाती ठेवू शकत नाही. आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचं सगळं काम त्या दिवसापासून उस्तादांच्या मुलीकडे गेलं. जाताना ती फक्त एवढं म्हणाली, "मूठ मात्र हिच्याकडूनच बसवून घ्या, डॉक्टर. अशी मला जमत नाही." वहिनीनं मूठ बसवून दिली. आणि ते लोक गल्लीच्या बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "बघितलंस? हे ऐकायचं तेही तिच्या तोंडून."

दादा बाकाशी बसून होता. आमचं निम्मं काम दारातून निघून गेलं होतं. तो म्हणाला, "का बोललीस? सुटलो होतो ना आपण."

"तुम्ही दोघं सुटला होतात," वहिनी म्हणाली. "मी कुठे होते त्यात?"

तेव्हा दादा चिडला. त्याला असा चिडलेला मी लहानपणीही पाहिला नव्हता. "कुठे होतीस? मी खोटं बोललो ते कुणासाठी बोललो? आयुष्यभराचं नाव घालवायला बसलो, ते कुणासाठी? तिच्यासाठी?"

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तिला ते कळलं होतं. इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते कळलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं.

"मग हे तिच्यासमोर बोलायचं होतं," ती म्हणाली.